‘पासआउट झालो’
१४. ‘मुलुंडच्या वझे-केळकरमधून पासआउट झालो’ : म्हणजे पदवी घेऊन बाहेर पडलो, लेखकाला चक्कर आली नव्हती. इंग्लंड-अमेरिकेत हे क्रियापद ऐकताच आधी शुद्ध हरपणेच आठवते. ब्रिटिश वापरात मात्र लष्करी प्रशिक्षण पुरे करणे हाही अर्थ आहे, आणि खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत आजही ‘पासिंग आउट परेड’ होते. तिथूनच ते कॉलेजांत शिरले असावे. जाणकार ‘ग्रॅज्युएट झालो’ सुचवतात. पण आपल्याकडे ‘२००९चा पासआउट’ असे नामही रुळले आहे, म्हणून मूळ शब्द ठेवला. सकाळी घाटकोपरला लोकलमध्ये शिरणाऱ्याच्या बाबतीत दोन्ही अर्थ संभवतात.