आमगावची वीज आणि घरी जुळवलेल्या संगणकाचा एसएमपीएस

सुटे भाग आणून घरीच जुळवलेल्या, म्हणजेच 'असेंबल्ड', संगणकाच्या इतिहासात प्रोसेसर आणि मेमरी यांचीच चर्चा अधिक होते; परंतु आमगावसारख्या तालुक्याच्या गावी यंत्राचे आयुष्य बहुधा एसएमपीएस या दुर्लक्षित पेटीने ठरवले. घरातील २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेपासून संगणकाला लागणारी १२, ५ आणि ३.३ व्होल्टची एकदिश वीज ही पेटी तयार करते. त्यासाठी आलेली वीज आधी एकदिश केली जाते आणि मग सेकंदाला हजारो वेळा खंडित करून लहानशा रोहित्रातून नेली जाते.

१९८१ च्या आयबीएम पीसीला ६३.५ वॅटची पेटी पुरत असे, तर १९८४ च्या एटी संगणकात ती १९२ वॅटची झाली. एटीच्या मदरबोर्डवर दोन स्वतंत्र जोडण्या शेजारी शेजारी बसत आणि दोन्हींच्या काळ्या तारा मध्यभागी एकत्र आल्या नाहीत, तर बोर्ड जळण्याचा धोका असे. इंटेलने १९९५ मध्ये मांडलेल्या एटीएक्स मानकाने २० पिनांची एकच, उलटी न बसणारी जोडणी आणून तो धोका संपवला.

आमगाव हावडा–मुंबई लोहमार्गावर, नागपूरपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे आणि १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यात मोडते. भारताने १९९७ मध्ये माहिती तंत्रज्ञान करारात सहभागी होऊन आयात शुल्क टप्प्याटप्प्याने उतरवले, त्यामुळे सुटे भाग स्वस्त झाले. पुढे एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे तालुक्याच्या गावांतही संगणकाची मागणी वाढली. मात्र एसएमपीएस बहुधा कॅबिनेटसोबतच येत असल्याने तो निवडण्याचा प्रश्न ग्राहकापुढे क्वचितच उभा राहिला, आणि या व्यवहाराची खरी उणीव तीच होती.

२००० च्या अखेरीस पेंटियम ४ आल्यावर प्रोसेसरचा भार ५ व्होल्टवरून १२ व्होल्टच्या वाहिनीवर सरकला आणि त्यासाठी चार पिनांची वेगळी जोडणी आली. काही वर्षांतच मुख्य जोडणीही २४ पिनांची झाली. जुन्या कॅबिनेटमध्ये नवा बोर्ड बसवणाऱ्याची अडचण येथे सुरू होई, कारण पेटीवर ४५० वॅट छापलेले असले, तरी १२ व्होल्टपुढे १६ अँपिअर लिहिलेले असल्यास त्या वाहिनीवर १९२ वॅटच मिळत. म्हणून लेबलवरील मोठ्या आकड्यापेक्षा अँपिअरचा तक्ता वाचणे अधिक महत्त्वाचे होते.

तरीही बोर्डाशी जुळणे हा निवडीचा अर्धाच भाग होता. गोंदिया हा धानाचा आणि राईस मिलचा जिल्हा; मिलची मोटार थेट सुरू होताना नेहमीच्या पाच ते सात पट विद्युतप्रवाह ओढते आणि त्याच वाहिनीवरील घरांत व्होल्टेज क्षणभर खाली येते. एटीएक्स मार्गदर्शिकेत २३० व्होल्टच्या पुरवठ्यासाठी १८० ते २६५ व्होल्टची मर्यादा गृहीत धरलेली आहे, त्यामुळे वाहिनीच्या टोकावरच्या घरात स्टॅबिलायझर ही चैन नव्हती. अर्थिंगची गोष्टही अशीच: पेटीतील गाळणीचे संधारक कॅबिनेटला जोडलेले असतात, म्हणून जमिनीशी जोडणी नसेल तर पत्र्याला हात लावताच झिणझिण्या येतात. खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालून केलेले जुन्या पद्धतीचे अर्थिंग संगणकासाठीही तितकेच आवश्यक होते.

२००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रात लोडशेडिंग तीव्र असताना इन्व्हर्टर घरोघरी आले. वीज गेल्यावर पूर्ण भार असलेला एसएमपीएस आपल्या संधारकांतील साठ्यावर सुमारे १६ मिलिसेकंद टिकतो. यूपीएस साधारणतः तेवढ्या अवधीत बदल करतो, पण पंखे-दिव्यांसाठी घेतलेला साधा इन्व्हर्टर अनेकदा उशीर करतो आणि संगणक पुन्हा सुरू होतो. पुढे सक्रिय पॉवर फॅक्टर सुधारणा असलेले, म्हणजे वीज तिच्या तरंगाला अनुसरून ओढणारे, एसएमपीएस आले. त्यांतील बहुतेक सुमारे १०० ते २४० व्होल्टवर चालत असल्याने कमी व्होल्टेजच्या भागाला ते फार सोयीचे होते; मात्र स्वस्त इन्व्हर्टरच्या चौकोनी तरंगावर त्यांपैकी काही अडखळत किंवा बंद पडत. अशा घरात चांगला एसएमपीएस घ्यायचा, तर त्यासोबत साइन वेव्ह इन्व्हर्टरचा खर्चही हिशेबात धरावा लागे.