प्रवासी जहाजांवरील अन्न आणि प्रवाशांची मते : मतभेदांचा एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

समुद्रपर्यटनाहून परतलेल्या दोन प्रवाशांना जहाजावरील जेवणाविषयी विचारले, तर दोन निरनिराळी उत्तरे मिळण्याचा संभव असतो. एकाच भटारखान्यात शिजलेले आणि एकाच आठवड्यात वाढलेले अन्न एकाला राजेशाही वाटते, तर दुसऱ्याला बेचव. ‘ज्याची त्याची आवड’ असे म्हणून या मतभेदाची सहसा बोळवण केली जाते. परंतु वाफेवर चालणाऱ्या प्रवासी जहाजांचा इतिहास पाहता हे स्पष्टीकरण अपुरे ठरते. मत देणारा प्रवासी जहाजाच्या कोणत्या वर्गात बसला होता, तिकिटाच्या रकमेत काय अंतर्भूत होते, त्याच्या आचारधर्माने त्याला काय खाण्याची मुभा दिली होती आणि त्याचे मत ऐकून घेणारे कोणी होते काय, या चार गोष्टींचा प्रभाव आवडीनिवडीपेक्षा अधिक दिसतो. प्रवासवर्णने, आत्मचरित्र, भोजनपत्रिका आणि कायदे या साधनांच्या आधारे हा मतभेद तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

एक लेखक, दोन प्रवास :

कुनार्ड कंपनीच्या ‘ब्रिटानिया’ या आगबोटीने जुलै १८४० मध्ये अटलांटिक महासागरावरील टपालसेवेला प्रारंभ केला. जानेवारी १८४२ मध्ये चार्ल्स डिकन्स याच आगबोटीने लिव्हरपूलहून अमेरिकेस निघाला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘अमेरिकन नोट्स’ या प्रवासवर्णनात जहाज सुटण्यापूर्वीच्या धान्यसामग्रीचे वर्णन आले आहे. मांस, भाजीपाला आणि कोंबड्या यांनी बर्फाच्या कोठ्या भरल्या जात होत्या आणि ताज्या दुधासाठी एक गायही जहाजावर चढविली जात होती. यांत्रिक शीतकरण उपलब्ध नसलेल्या त्या काळात ताजे अन्न टिकविण्याचा मार्ग म्हणजे बर्फ किंवा जिवंत जनावरे एवढाच होता. प्रत्यक्ष प्रवासात मात्र डिकन्सचा सूर बदलतो. समुद्र लागल्याने तो हैराण झाला. भाजलेले बटाटे, डुकराचे थंड मांस, खारवलेले गोमांस आणि शेवटी काहीशी बुरसटलेली फळे यांचे त्याने केलेले वर्णन उपरोधाने भरलेले आहे.

तथापि, अभ्यासकाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे तो त्याचा परतीचा प्रवास. जून १८४२ मध्ये तो ‘जॉर्ज वॉशिंग्टन’ या शिडाच्या जहाजाने इंग्लंडला परतला. या जहाजाच्या तळातील स्वस्त वर्गात, म्हणजे स्टिअरेजमध्ये, सुमारे शंभर माणसे होती. अमेरिकेत निभाव न लागल्यामुळे ती मायदेशी परतत होती. त्यांपैकी काहींजवळ अन्नच नव्हते आणि ते इतरांच्या दयेवर जगत होते. वरच्या वर्गातील जेवणानंतर धुण्यासाठी ठेवलेल्या ताटांतील हाडे आणि चरबीचे तुकडे खाऊन एका माणसाने हा प्रवास काढला, आणि ही गोष्ट प्रवास संपत आला तेव्हा उघडकीस आली, असे डिकन्सने नमूद केले आहे. पहिल्या प्रवासात जेवणाची थट्टा करणारा हा लेखक या ठिकाणी गंभीर होतो आणि पुरेशी शिधासामग्री असल्याची तपासणी झाल्याशिवाय कोणासही जहाजावर घेऊ नये, असा कायदा असावा अशी मागणी करतो. वरच्या वर्गात जे ‘बेचव’ ठरून ताटात राहत होते, तेच तळातील माणसाचे अन्न होते. अन्नाच्या ‘दर्जा’चा अर्थ या दोन ठिकाणी एक असू शकत नाही.

याच वर्षी ब्रिटिश संसदेने संमत केलेल्या प्रवासी कायद्याने ब्रिटनहून स्थलांतरितांना घेऊन जाणाऱ्या जहाजांवर दर माणशी रोज ३ क्वार्ट, म्हणजे सुमारे ३.४ लिटर, पाणी आणि दर आठवड्यास ७ पौंड पाव, बिस्किटे, पीठ, ओटचे पीठ अथवा तांदूळ देणे बंधनकारक केले. १८५५ च्या कायद्यात ही यादी वाढून तीत मांस, वाटाणे, चहा आणि साखर यांचा समावेश झाला. कायद्याच्या दृष्टीने दर्जा म्हणजे चव नव्हे, तर वजन आणि माप होते. उपासमार टाळणे हे त्याचे उद्दिष्ट होते आणि त्या काळात ते लहान नव्हते.

मताची विश्वसनीयता :

प्रवाशाने लिहून ठेवलेले मत पुरावा म्हणून वापरताना ते कोणत्या परिस्थितीत बनले हे पाहावे लागते. याची दोन उदाहरणे उद्बोधक आहेत. विल्यम मेकपीस थॅकरे याने १८४४ मध्ये पेनिन्शुलर अँड ओरिएंटल म्हणजे ‘पी अँड ओ’ कंपनीच्या जहाजांतून भूमध्य समुद्राचा प्रवास केला. १८४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवर्णनात जहाजावरील एका दिवसाच्या जेवणाची यादीच दिली असून तिचा आरंभ मुलगतानी सूपने होतो. तमिळ भाषेतून नाव घेतलेला हा पदार्थ भूमध्य समुद्रातील इंग्रजी जहाजावर सहज वाढला जात होता, यावरून त्या कंपनीच्या भटारखान्यावर हिंदुस्थानचा किती प्रभाव होता हे कळते. मात्र हा प्रवास थॅकरेला कंपनीकडून विनामूल्य मिळाला होता. त्यामुळे त्याची प्रशंसा खोटी ठरत नाही. परंतु स्वतःच्या खिशातून भाडे भरणाऱ्या प्रवाशाच्या मताशेजारी ती ठेवताना ही बाब विसरता येत नाही.

दुसरे उदाहरण मार्क ट्वेनचे. १८६७ मध्ये ‘क्वेकर सिटी’ ही आगबोट न्यूयॉर्कहून युरोप आणि पॅलेस्टाईनच्या सफरीस निघाली. माल वा टपाल पोचविणे हा हेतू नसून केवळ पर्यटनासाठी आखलेली ही सफर आजच्या क्रूझची पूर्वज मानता येईल. ट्वेनच्या ‘द इनोसंट्स अब्रॉड’ या पुस्तकातील एक प्रसंग प्रसिद्ध आहे. जहाजावरील कॉफी दिवसेंदिवस पाणचट होत चालली आहे, अशी एका प्रवाशाची तक्रार होती. कॅप्टन डंकन यांच्या मेजावरची कॉफी बरी निघाली तेव्हा तो अधिकच संतापला आणि पक्षपाताचा आरोप करून त्याने आपला पेला कॅप्टनपुढे ठेवला. कॅप्टनने चव घेऊन, कॉफी म्हणून हे पेय हलके असले तरी चहा म्हणून बरे आहे, असे शांतपणे सांगितले. प्रसंग विनोदी असला तरी त्यातील निरीक्षण खरे आहे. प्रवाशाचा रोष पेल्यातील पेयावर होता त्यापेक्षा कॅप्टनच्या मेजावर आणि आपल्या मेजावर भेद केला जातो या संशयावर अधिक होता. चव घेण्यापूर्वीच मत बनले होते.

अन्न आणि आचारधर्म :

आगबोटीने विलायतेस जाणाऱ्या अनेक हिंदी प्रवाशांपुढील प्रश्न चवीचा नव्हता, तर खाद्याखाद्याचा होता. ४ सप्टेंबर १८८८ रोजी मोहनदास गांधी मुंबईहून ‘क्लाईड’ या आगबोटीने निघाले. त्यांच्या खोलीत जुनागढचे वकील त्र्यंबकराय मजमुदार होते. काट्याचमच्याने जेवण्याची सवय नव्हती आणि कोणते पदार्थ मांसविरहित आहेत हे विचारण्याचे धैर्य होत नव्हते, म्हणून आपण खोलीतच राहून बरोबर आणलेली मिठाई आणि फळे यांवर बहुतांशी निर्वाह केला, असे गांधींनी आत्मकथेत सांगितले आहे. मजमुदारांना मात्र तशी अडचण वाटली नाही. येथे जहाजावरील अन्नाविषयी गांधींचे मत काय होते हा प्रश्नच गैरलागू ठरतो, कारण त्यांनी ते अन्न क्वचितच घेतले. न खाणाऱ्याचे मौन हेही इतिहासाचे साधन आहे, ही गोष्ट या उदाहरणावरून लक्षात येते.

या आगबोटींवरील अन्न रांधणाऱ्या आणि वाढणाऱ्या हातांचा विचार केल्यास इतिहासाची दुसरी बाजू समोर येते. ‘पी अँड ओ’ आणि ‘ब्रिटिश इंडिया’ या कंपन्यांच्या जहाजांवर डेक आणि इंजिन यांची कामे हिंदी खलाशांकडे, तर भोजनगृहाचे काम प्रामुख्याने गोव्याच्या ख्रिस्ती आचाऱ्यांकडे आणि स्टुअर्डांकडे असे. दोन सफरींच्या मधल्या काळात ही माणसे मुंबईत धोबी तलाव परिसरातील आपापल्या गावांच्या ‘कूड’ नावाच्या सामायिक निवासांत उतरत. प्रवाशांनी या जेवणाविषयी पुष्कळ लिहिले. पण ते जेवण करणाऱ्यांचे त्याविषयीचे मत प्रकाशित साहित्यात क्वचितच आढळते.

भोजनपत्रिका, वर्ग आणि तक्रारीचा अधिकार :

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शीतगृहे आल्यावर जहाजावरील अन्नाचे स्वरूप पालटले. हॅम्बुर्ग-अमेरिका कंपनीचे अल्बर्ट बालिन यांनी जानेवारी १८९१ मध्ये हिवाळ्यात रिकामे राहणारे ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ हे जहाज भूमध्य समुद्राच्या सुखसफरीवर पाठविले. याच कंपनीच्या ‘अमेरिका’ या जहाजावर १९०५ मध्ये रिट्झ यांच्या नावाचे उपाहारगृह सुरू झाले. तेथे प्रवासी हवे ते पदार्थ निवडून त्यांचे वेगळे पैसे देत. तिकिटात अंतर्भूत जेवण आणि वेगळ्या मोलाचे जेवण हा भेद तेव्हापासून जहाजावर रूढ होऊ लागला.

१४ एप्रिल १९१२ या दिवसाच्या ‘टायटॅनिक’वरील भोजनपत्रिका उपलब्ध आहेत. पहिल्या वर्गासाठी रात्री अनेक पदार्थफेऱ्यांचे जेवण होते. तिसऱ्या वर्गाला सकाळी ओटची लापशी, दुपारी भाताचे सूप, भाजलेले गोमांस, बटाटे आणि पुडिंग, तर रात्री पेज, बिस्किटे आणि चीज असा बेत होता. १८४२ च्या उपाशी प्रवाशाच्या तुलनेत ही मोठी प्रगती होय. तिसऱ्या वर्गाच्या पत्रिकेच्या तळाशी एक सूचना छापलेली होती. अन्न, दुर्लक्ष अथवा उद्धट वर्तन यांविषयी तक्रार असल्यास ती तत्काळ पर्सर किंवा मुख्य स्टुअर्ड यांच्याकडे करावी, आणि ओळख पटावी म्हणून प्रत्येक स्टुअर्डच्या बाह्यांवर क्रमांक असेल, असा तिचा आशय होता. सर्वांत स्वस्त तिकीट काढणाऱ्यालाही अन्नाविषयी मत मांडण्याचा अधिकार आहे, ही मान्यता येथे कागदावर उतरलेली दिसते.

हा अधिकार प्रवाशाचा होता. समुद्रावर नोकरी करणाऱ्याची स्थिती वेगळी होती. प्रवाशाची तक्रार नोंदविली जाई, तर सैनिक वा खलाशाची तक्रार शिस्तभंग ठरू शके. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत रॉयल इंडियन नेव्हीच्या ‘तलवार’ या किनाऱ्यावरील संदेशवहन केंद्रातील नाविकांनी निकृष्ट अन्नाच्या निषेधार्थ जेवण आणि काम दोन्ही नाकारले. वांशिक अपमान, वेतनातील तफावत आणि तत्कालीन राजकीय वातावरण ही त्यामागची खोल कारणे होती. पण ठिणगी पडली ती ताटावरून. पुढील काही दिवसांत हा उठाव ७८ जहाजांपर्यंत पसरला. योगायोग असा की त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने व्यापारी जहाजांवरील नाविकांच्या अन्नासंबंधी आणि जहाजावरील आचाऱ्यांच्या प्रमाणपत्रासंबंधी दोन स्वतंत्र करार स्वीकारले. २००६ च्या सागरी श्रम करारात या तरतुदींचा समावेश झाला असून नाविकांना विनामूल्य, योग्य दर्जाचे आणि त्यांच्या धार्मिक व सांस्कृतिक गरजा लक्षात घेणारे अन्न मिळावे, असे तो करार सांगतो. भारताने २०१५ मध्ये त्याला मान्यता दिली.

क्रूझचा काळ :

१९५८ मध्ये अटलांटिकवर जेट विमानांची प्रवासी सेवा सुरू झाली आणि केवळ पोचण्यासाठी जहाजाने जाण्याचे प्रयोजन हळूहळू संपले. कॅरिबियन समुद्रातील सफरींसाठी १९६६ ते १९७२ या काळात नॉर्वेजियन, रॉयल कॅरिबियन आणि कार्निव्हल या कंपन्या उदयास आल्या. जहाज हे साधन न राहता तेच गंतव्य स्थान बनले आणि भरपूर जेवण हा त्याच्या आकर्षणाचा प्रमुख भाग झाला. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मेजावर, दोन पंगतींत जेवण ही जुनी पद्धत होती. २००० च्या सुमारास नॉर्वेजियन कंपनीने हवे तेव्हा, हवे तेथे जेवण्याची पद्धत आणली. जानेवारी २०२४ मध्ये सेवेत आलेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ या जहाजावर कमाल सुमारे ७,६०० प्रवाशांसाठी वीसहून अधिक खानपानगृहे आहेत. त्यांपैकी काही तिकिटात समाविष्ट, तर काही वेगळ्या मोलाची आहेत.

आजच्या मतभेदाचे मूळ बरेचसे या रचनेत आहे. एक प्रवासी मुख्य भोजनगृहातील आणि बुफेतील अन्नावरून मत देतो, दुसरा वेगळे पैसे मोजलेल्या उपाहारगृहावरून. दोघेही जहाजाचे नाव मात्र एकच घेतात. पूर्वी वर्गानुसार भोजनगृहे वेगळी असत. आता बहुतेक दरवाजे सर्वांना खुले आहेत. भेद दरपत्रकात आहे. त्यातच स्वच्छता आणि चव यांची गल्लत होते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने १९७५ मध्ये सुरू केलेल्या जहाज स्वच्छता कार्यक्रमात जहाजांना १०० पैकी गुण दिले जातात आणि ८५ वा त्याखालील गुण अनुत्तीर्ण मानले जातात. हे गुण अन्न सुरक्षित आहे की नाही हे सांगतात. ते रुचकर आहे की नाही हे सांगत नाहीत. आचारधर्माचा प्रश्नही संपलेला नाही, फक्त त्याचे उत्तर बदलले आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबईहून सफरी सुरू करणाऱ्या ‘कॉर्डेलिया’ कंपनीने शाकाहारी आणि जैन भोजनाची सोय आपल्या जाहिरातीत ठळकपणे मांडली. १८८८ मध्ये जे विचारण्याचा संकोच वाटत होता, ते आता तिकीट विकण्याचे कारण झाले आहे.

समारोप :

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, ‘दर्जा’ या शब्दाचा अर्थ काळानुसार बदलत गेला. १८४२ च्या कायद्यात तो पुरेसेपणा होता, १९०५ च्या उपाहारगृहात तो ऐश्वर्य होता आणि आजच्या क्रूझवर तो निवडीचे स्वातंत्र्य आहे. भिन्न अर्थ मनात धरून दिलेली मते परस्परविरोधी भासली तरी ती नेहमीच एकमेकांना खोडून काढीत नाहीत. दुसरा निष्कर्ष असा की, अशा मतांचा पुरावा म्हणून उपयोग करताना मत देणाऱ्याचा वर्ग, त्याने मोजलेले मोल आणि त्याचा आचारधर्म यांची नोंद घेणे आवश्यक आहे. तिसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे. जहाजावरील अन्नाविषयी विपुल लिहिले गेले ते प्रामुख्याने मेजावर बसणाऱ्यांनी. तळातील प्रवासी, भटारखान्यातील गोमंतकीय आचारी आणि डेकवरचा खलाशी यांची मते कायद्याच्या कलमांत, उठावाच्या नोंदींत किंवा दुसऱ्याच्या पुस्तकातील एखाद्या वाक्यात शोधावी लागतात. डिकन्सने नोंद केली नसती, तर इतरांच्या ताटांतील हाडांवर जगलेल्या त्या माणसाचा मागमूसही उरला नसता. गोवा आणि कोकणपट्टीतील खलाशी कुटुंबांकडे आजही पत्रे, नोकरीची पुस्तके आणि आठवणी आहेत. त्या संकलित झाल्या, तर जहाजावरील अन्नाचा इतिहास ते शिजविणाऱ्यांच्या बाजूनेही लिहिता येईल. किनारपट्टीवरील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना हे काम आपल्या परिसरातच हाती घेता येण्यासारखे आहे.