जुना पिकअप घेताय? आधी त्याच्या तारखा वाचा



उन्हाळा जवळ आला की आपल्या चार-पाच घरांतून मला एकच प्रश्न येतो: "तू सीए आहेस ना, मग सांग, ट्रेलर ओढायला जुना पिकअप घेऊ का?" कोणाला कॅराव्हॅन न्यायची असते, कोणाला केटरिंगचं सामान, कोणाला गणपतीत मखर आणि ढोल. गाडी सात-आठ हजार पौंडांची, दिसायला झकास, आणि विकणारा छातीठोकपणे सांगतो, "तीन टन आरामात ओढते."

इंजिन मेकॅनिकला दाखवा, त्यातलं मला कळत नाही. पण इंग्लंडमध्ये जुन्या पिकअपची खरी किंमत ठरते ती तारखांवरून. गाडी कोणत्या तारखेच्या अलीकडची आणि कोणत्या तारखेच्या पलीकडची, हे कळलं की निम्मा निर्णय झालाच समजा. म्हणून आज थोडा इतिहास सांगते.

टोलनाका जुनाच आहे

आपलं एजवेअर ज्या ए-५ रस्त्यावर आहे तो मूळचा रोमन लोकांचा, वॉटलिंग स्ट्रीट. अठराव्या शतकात मिडलसेक्सच्या शेतांमधलं वाळलेलं गवत गाड्या भरभरून लंडनच्या घोड्यांसाठी जायचं. एजवेअर रोडच्या दुसऱ्या टोकाला, आज जिथे मार्बल आर्च आहे तिथे, टायबर्नचा टोलनाका होता. जड गाड्यांच्या अरुंद चाकांनी रस्ते उखडायचे, म्हणून १७५३ साली पार्लमेंटने कायदा केला. नऊ इंच रुंद चाकांच्या गाड्यांना त्यात सवलत मिळाली. ओझं किती आणि ते कसल्या चाकावर, असं रस्ता तेव्हाही विचारत होता. आज नाक्याच्या जागी कॅमेरा आला आणि चाकाच्या जागी धूर.

धुराच्या तारखा

लंडनचा लो एमिशन झोन २००८ साली ट्रकसाठी सुरू झाला. ३ जानेवारी २०१२ पासून त्यात मोठ्या व्हॅन आणि १,२०५ किलोपेक्षा जास्त वजनाचे पिकअपही आले. त्यांना युरो ३ लागतं. साधारण २००२ च्या आधी नोंदलेला डिझेल पिकअप त्यात बसत नाही, आणि त्याची फी दिवसाला £१०० आहे.

यूलेझ वेगळा. तो ८ एप्रिल २०१९ ला मध्य लंडनमध्ये आला आणि २५ ऑक्टोबर २०२१ ला नॉर्थ सर्क्युलरपर्यंत पोचला. तेव्हा एजवेअर रेषेबाहेर राहिलं म्हणून आपण सुटकेचा श्वास घेतला होता. २९ ऑगस्ट २०२३ पासून मात्र लंडनचे सगळे बरो आत आले. डिझेलला युरो ६ लागतं. पिकअपची नोंदणी बहुधा व्हॅनच्या वर्गात असते, त्यामुळे कारसारखी सप्टेंबर २०१५ ची तारीख धरू नका, सप्टेंबर २०१६ ची धरा. २०१६ च्या मार्चमधली गाडी "नवीनच आहे हो" म्हणून कोणी दाखवली, तर आधी टीएफएलच्या साइटवर नंबर टाकून बघा.

आता हिशेब. युरो ६ नसलेली गाडी दिवसाला £१२.५०. नुसते शनिवार-रविवार बाहेर काढली तरी वर्षाला १०४ दिवस, म्हणजे £१,३००. तेच वर्षातून चारदा कॅराव्हॅन घेऊन जाणार असाल, तर जाण्याचा आणि येण्याचा असे आठच दिवस मोजायचे, £१००. दारात उभ्या गाडीला फी नाही. म्हणजे जुनी गाडी प्रत्येकाला महागच पडते असं नाही. किती दिवस चालवणार ते आधी कागदावर लिहा. आणि २००२ च्या आधीची असेल तर दोन्ही फी मिळून दिवसाचे £११२.५०. त्यापेक्षा भाड्याने घेतलेली बरी!

इथे एक आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप मुंबईत महिंद्रांनी जोडायला घेतली, आणि तीच जीप बघून इंग्लंडमध्ये १९४८ साली लँड रोव्हर उभी राहिली. पुढे १९८८ साली टेल्कोने पुण्यात टाटामोबाइल हा पिकअप काढला. नव्वदच्या दशकात तोच 'लोडबीटा' नावाने ब्रिटनमध्ये विकला जात होता. कष्टाची, स्वस्त गाडी म्हणून इथल्या शेतकऱ्या-कंत्राटदारांसाठी आणलेली. २००८ साली तर टाटांनी जॅग्वार आणि लँड रोव्हरच विकत घेतली. पिंपरीचा लोडबीटा कुठे विकायला दिसला तर फोटो जरूर काढा, पण लंडनमध्ये राहत असाल तर वर सांगितलेली तारीख विसरू नका.

लायसन्सच्या तारखा

१ जानेवारी १९९७ च्या आधी इथली कारची परीक्षा पास झालेल्यांना गाडी आणि ट्रेलर मिळून ८,२५० किलोपर्यंतची मुभा आहे. त्या दिवसानंतर पास झालेल्यांना मोठ्या ट्रेलरसाठी वेगळी परीक्षा द्यावी लागायची. भारताचं लायसन्स इथे बदलून मिळत नाही, परीक्षा द्यावीच लागते. त्यामुळे २००० नंतर आलेले आपण बहुतेक सगळे दुसऱ्या गटातले.

१६ डिसेंबर २०२१ ला ती वेगळी परीक्षा रद्द झाली. आता ग्रेट ब्रिटनच्या साध्या कार लायसन्सवर ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. हा आकडा ट्रेलरच्या परवानगीच्या कमाल वजनाचा आहे. त्यात त्या दिवशी किती सामान भरलंय, याच्याशी त्याचा संबंध नाही.

पण लायसन्सने मुभा दिली म्हणून गाडीने दिली असं होत नाही. गाडीच्या चासी-नंबरच्या पाटीवर पहिला वजनाचा आकडा भरलेल्या गाडीचा असतो आणि दुसरा गाडी अधिक ट्रेलरचा. उदाहरणार्थ, २,९५० आणि ५,४५०. जाहिरातीत "३,००० किलो ओढते" असलं, तरी माणसं आणि सामानाने गाडी २,९५० ला पोचली की ट्रेलरला उरतात २,५००. विकणाऱ्याचे "तीन टन" इथे अर्ध्या टनाने कमी झाले. ही वजाबाकी चुकली तर गुन्हा होतोच, वर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करू शकते.

कराच्या तारखा

हा भाग ज्यांची स्वतःची लिमिटेड कंपनी आहे त्यांच्यासाठी. "कंपनीच्या नावाने घे, व्हॅनमध्ये धरतात" हा सल्ला आपल्याकडे अजून फिरतोय. तो २००२ पासून बरीच वर्षं बरोबर होता. डबल कॅब पिकअपची माल नेण्याची क्षमता एक टन किंवा जास्त असेल तर एचएमआरसी त्याला व्हॅन मानायची. मग २०२० साली कोका-कोला कंपनीच्या व्हॅनवरून झालेल्या खटल्यात कोर्ट ऑफ अपीलने गाडी मुळात कशासाठी बनवली ते पाहायला सांगितलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये एचएमआरसीने नियम बदलल्याचं जाहीर केलं आणि आठवड्याभरात मागे घेतलं. ३० ऑक्टोबर २०२४ च्या बजेटमध्ये तो पुन्हा आला. ६ एप्रिल २०२५ पासून बहुतेक डबल कॅब पिकअप प्राप्तिकराच्या दृष्टीने कार झाले. व्हॅटचा एक टनाचा नियम मात्र तसाच आहे.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी एक गोष्ट नीट लक्षात घ्या. कारचा कर तुम्ही मोजलेल्या किमतीवर लागत नाही, गाडी नवी असतानाच्या छापील किमतीवर लागतो. समजा £८,००० ला घेतलेल्या पिकअपची नवी किंमत £३०,००० होती. धुराच्या वरच्या गटात ३७ टक्के, म्हणजे £११,१०० तुमच्या उत्पन्नात धरले जातात. ४० टक्के कर भरणाऱ्याला वर्षाला £४,४४०. व्हॅन असती तर २०२५-२६ चा ठरलेला आकडा £४,०२०, त्यावर कर £१,६०८. दोन वर्षांत गाडीच्या किमतीपेक्षा जास्त कर जातो. ६ एप्रिल २०२५ च्या आधी घेतलेल्या गाड्यांना जास्तीत जास्त ५ एप्रिल २०२९ पर्यंत सवलत आहे, पण ती त्या वेळच्या मालकाला. आज तीच गाडी तुमच्या कंपनीने घेतली तर सवलत सोबत येत नाही. ट्रेलर घरच्या सुट्टीसाठीच ओढायचा असेल, तर गाडी स्वतःच्या पैशांनी, स्वतःच्या नावावर घ्या.

जाण्याआधी घरी बसून

नंबर टाकून एमओटीचा इतिहास फुकट बघता येतो. 'करोजन' हा शब्द वर्षामागून वर्षं दिसत असेल तर ती गाडी सोडा. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते चासी खातं, आणि ट्रेलरचा सगळा ताण चासीवरच येतो. कर्ज बाकी आहे का ते तपासा. टो बार कोणी, कधी बसवला ते विचारा. लॉगबुकातले ट्रेलरच्या वजनाचे रकाने भरलेले असतील तर पाटीशी ताडून बघा.

अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियातल्या मंडळींनो, तुमच्या तारखा वेगळ्या, पण प्रश्न हेच: वजन किती, धूर किती, चालवणार कोण, आणि कागदावर मालक कोण.

त्यातला "चालवणार कोण" सर्वात महत्त्वाचा. आपली मुलं सतरा-अठराची होतायत. २०२१ च्या बदलामुळे आज परीक्षा पास झालेला मुलगा किंवा मुलगी उद्या मोठी कॅराव्हॅन जोडून एम-१ वर जाऊ शकते, एकही धडा न घेता. मोटरवेवर ट्रेलरसह ६० मैलांची मर्यादा आहे, तीन किंवा जास्त लेन असतील तर सर्वात उजवीकडची बंद, आणि ट्रेलर डोलायला लागला की काय करायचं हे कारच्या परीक्षेत कोणी विचारत नाही. ट्रेलरचं ऐच्छिक प्रशिक्षण मिळतं. गाडीच्या बजेटमध्ये त्याचे पैसे आधी बाजूला काढा, स्वतःसाठी आणि मुलांसाठीही. आणि ते होईपर्यंत घरात कोणालाही किल्ली देऊ नका.