कारखाना थांबला, गाडी चालत राहिली

मुंबईची काळीपिवळी प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी कायद्याने रस्त्यावरून उतरली. त्या जातीची शेवटची टॅक्सी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीचे आयुष्य वीस वर्षांचे धरले जाते, ती वीस वर्षे त्या दिवशी भरली. वर्तमानपत्रांनी छायाचित्रे छापली, लोकांनी हळहळ व्यक्त केली. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र यात एक वेगळेच कोडे दिसते. ही गाडी बनवणे नव्या शतकाच्या उंबरठ्यावरच थांबले होते. म्हणजे कारखान्यातून नवा नग येत नाही, सुटे भाग पुरवणारे हळूहळू दुसऱ्या धंद्याला लागत आहेत, आणि तरीही पुढची दोन दशके हजारो कुटुंबांची चूल त्याच गाडीवर पेटत राहिली. हे साधले कसे?

खेड्यातल्या माणसाला यात नवल वाटायचे नाही. बैलगाडीला कुठला कारखाना होता? चाकाची धाव सैल झाली की लोहाराने ती तापवून चढवायची, आरा मोडला की सुताराने नवा बसवायचा, आसाला वंगण घालायचे काम घरच्या पोराचे. गाडी जुनी होई, पण ‘बंद’ होत नसे, कारण तिचे ज्ञान गावातच होते. मुंबईच्या उपनगरांतल्या मिस्त्रींनी एका इटालियन बनावटीच्या मोटारगाडीची जवळजवळ तशीच बैलगाडी करून टाकली. आजच्या बोलण्याचा विषय तोच आहे.

या गाडीचे घर कुर्ला. शेठ वालचंद हिराचंद हे मूळचे सोलापूरचे. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही गोष्टी हिंदुस्थानात तयार व्हाव्यात हा त्यांचा ध्यास होता. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली, आणि स्वातंत्र्याच्या सुमारास कुर्ल्याच्या कारखान्यातून अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जुळवून बाहेर पडू लागल्या. त्यांत डॉज, डिसोटो, प्लिमथ ही नावे होती. ‘जुळवून’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पेट्यांतून सुटे भाग यायचे, येथे ते जोडायचे. शिवडीला जनरल मोटर्सही १९२८ पासून हेच करीत होती.

१९५३ साली सरकारने धोरण ठरवले की नुसती जोडणी करणाऱ्यांना येथे जागा नाही. भाग येथेच बनवण्याचा कार्यक्रम असेल त्यांनीच राहावे. जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला, फोर्डनेही. प्रीमियरने इटलीच्या फियाट कंपनीशी करार केलेला होताच. १९५४ च्या सुमारास फियाट ११०० ही गाडी कुर्ल्यात तयार होऊ लागली. गोल पाठीची ती पहिली गाडी लोकांनी ‘डुक्कर फियाट’ म्हणून ओळखली, आणि त्यात तुच्छता कमी, लडिवाळपणा जास्त होता. १९६४ साली चौकोनी अंगाची ‘डिलाइट’ आली. पुढे फियाटशी असलेला करार संपला, नाव बदलले. काही काळ ती ‘प्रेसिडेंट’ होती आणि १९७४ पासून चितोडच्या कथेतल्या राणीवरून ‘पद्मिनी’ झाली. नावे बदलली तरी गाडी तीच राहिली: चार सिलिंडरांचे १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगच्या खांबाला लावलेला गिअरचा दांडा, पुढे सलग बाक, चारही चाकांना ड्रम ब्रेक.

टीकाकार म्हणतात, आणि खरेच म्हणतात, की परदेशी गाड्यांना दार बंद केल्यामुळे ग्राहकाला तीस-पस्तीस वर्षे एकच जुनाट गाडी घ्यावी लागली, तीही नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहून. पण या गैरसोयीच्या पोटी एक सोय जन्माला आली. १९६५ चा भाग १९८५ च्या गाडीला बहुधा बसे. बापाने शिकलेले काम मुलाच्या हाती जसेच्या तसे चाले. एकाच गाडीवर इतकी वर्षे हात बसलेली मिस्त्रींची जात जगात फार थोड्या शहरांना मिळाली असेल.

आता या गाडीच्या दुखण्यांकडे वळू. शिक्षकमित्रांनी हे जरा बारकाईने ऐकावे, कारण पाठ्यपुस्तकातले पदार्थविज्ञान येथे बॉनेटखाली उघडे पडलेले आहे.

पहिले दुखणे गरम होण्याचे. मे महिन्याच्या दुपारी घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत आग्रा रोडवर (आता तो लाल बहादूर शास्त्री मार्ग) गाड्यांची रांग लागली, की जुनी पद्मिनी हमखास आचके देऊन थांबे. नवशिका ड्रायव्हर सेल्फ मारून बॅटरी उतरवी. अनुभवी माणूस बॉनेट उघडी, फडके ओले करून पेट्रोल पंपावर ठेवी आणि विडी शिलगावी. अर्थात चार पावले दूर जाऊन. दहा मिनिटांत गाडी चालू. यात जादू नाही. पेट्रोलचा पंप इंजिनालाच चिकटलेला असतो आणि पडद्याच्या हालचालीने पेट्रोल ओढतो. उष्णतेने नळीतल्या पेट्रोलची वाफ झाली की पंपाला ओढायला द्रवच उरत नाही. पडदा नुसता वाफेशी खेळत बसतो. ओल्या फडक्याने वाफेचे पुन्हा पेट्रोल होते. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने फडके पंपाला गार करते.

रेडिएटरचे गरम होणे वेगळे. तेथे दोष बहुधा पाण्याचा. विहिरीचे क्षारयुक्त पाणी वर्षानुवर्षे भरले की नळ्यांत थर साचतो. आमच्याकडे पाणी तापवायच्या बंबात साचतो तसाच. मिस्त्री रेडिएटर उतरवून, डोके उघडून, नळ्यांतून सळई घालून तो साफ करी आणि पुन्हा डाग देई. आजच्या पुष्कळ गाड्यांत ॲल्युमिनियमच्या जाळीला प्लॅस्टिकच्या टाक्या बसवलेल्या असतात. तेथे डाग देण्याची सोय नाही, बदलून टाकणे एवढाच मार्ग.

दुसरे दुखणे ठिणगीचे. इंजिन ‘मिसिंग’ करू लागले की डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढून पॉइंट पाहायचे. दोन छोटे धातूचे ठिपके, क्षणाक्षणाला मिटणारे आणि उघडणारे. ते जळून खडबडीत होतात. पॉलिश कागदाचा हात फिरवला, फट नीट लावली, की काम झाले. पावसाळ्यात तेवढ्या झाकणाच्या आत दमट हवा शिरली तरी गाडी रुसे. कोरड्या फडक्याने झाकण पुसणे हा जुलैमधल्या कित्येक सकाळींचा पहिला उद्योग असे.

तिसरे दुखणे गिअरचे. गिअरचा दांडा हाताशी, गिअरबॉक्स खाली. मध्ये सळ्या आणि सांधे. सांध्यांतल्या बुशा झिजल्या की दांडा एक सांगे आणि सळई दुसरेच ऐके. भर चौकात गिअर अडकला की ड्रायव्हर उतरून बॉनेटखाली हात घालून सळई जागेवर आणी, मागचे भोंगे वाजवीत राहत. नवी बुश कंपनीची मिळाली नाही तर लेथवर उतरवून घ्यायची. अंधेरी-कुर्ला रस्त्यावर साकीनाक्याच्या आसपास आणि इकडे घाटकोपर-भांडुपच्या गाळ्यांत लेथ चालवणारे कारागीर होते. मोठ्या कारखान्यांच्या आधाराने वाढलेले हे छोटे गाळेच मोठा कारखाना थांबल्यावर त्याच्या गाडीचे आईबाप झाले.

ब्रेकचे एकच सांगतो. पावसाचे पाणी साचलेल्या रस्त्यातून गेले की ड्रममध्ये पाणी शिरे आणि ब्रेक निसटत. जाणता ड्रायव्हर पाण्यातून बाहेर पडताच हलक्या पायाने ब्रेक दाबीत काही अंतर जाई, म्हणजे घर्षणाने आतला ओलावा उडून जाई. हे न शिकलेल्या माणसाच्या टॅक्सीत बसणे जिवावरचे होते.

पण या सर्वांहून वाईट दुखणे गंजाचे. इंजिन झिजले तर सिलिंडर रिबोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन घालता येतात, पुढे स्लीव्ह बसवता येतात. पत्र्याचे तसे नाही. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. तळ, खांब आणि छप्पर मिळूनच तिचा सांगाडा. समुद्राची खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि पायपुसण्याखाली साचलेले पाणी यांनी तळ खाल्ला, म्हणजे केवळ भोक पडत नाही, गाडीचे हाडच खिळखिळे होते. मग टिनकाम करणारा कुजका भाग कापून नवा पत्रा जोडी, वर लांबी भरून रंग देई. रंगाखाली काय आहे हे फक्त त्याला ठाऊक. फिटनेसच्या तपासणीला उभी केलेली चकचकीत टॅक्सी आणि आतली पोखरलेली टॅक्सी एकच असू शकत होती, हे येथे नमूद केले पाहिजे.

कारण या गाडीच्या आठवणीत गहिवरणे सोपे आहे. तिचा धूर ज्यांनी गिळला त्यांना विचारा. धुराचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला, आणि १९९९ पासूनच्या आदेशांनी जुन्या टॅक्सींना इंधन बदलणे भाग पडले. पेट्रोलवर आणि पुढे डिझेलवर चाललेली गाडी आता नैसर्गिक वायूवर चालू लागली. शहराचा श्वास मोकळा झाला, आणि मिस्त्रीच्या विद्येची उलथापालथ झाली. द्रवाची वाफ होण्याचा प्रश्नच उरला नाही, त्यामुळे ओले फडके इतिहासजमा झाले. उलट नवी दुखणी आली. कोरड्या वायूने व्हॉल्व्हच्या बैठका लवकर झिजत, चढावर जोर कमी पडे. वायूच्या जड टाकीने डिकी भरून गेली, म्हणून प्रवाशाच्या ट्रंका टपावरच्या कॅरिअरवर चढल्या. त्या टाकीची दर तीन वर्षांनी दाबाची चाचणी करणे बंधनकारक. तो खर्च वेगळा. साठीला आलेल्या मिस्त्रीने नव्याने शिकून हे सारे अंगवळणी पाडले.

आता मूळ कोड्याकडे. भाग येत कुठून? काही लहान कारखानदार बनवीत राहिले; त्यांत चांगले होते, तकलादूही होते. पण मोठा पुरवठा खुद्द मरणाऱ्या गाड्यांचा. २००८ साली राज्य सरकारने टॅक्सीला २५ वर्षांची मर्यादा घातली, २०१३ मध्ये ती २० वर्षांवर आणली. दर मर्यादेसरशी गाड्यांचा एक थवा भंगारात जाई, आणि त्यांची दारे, काचा, गिअरबॉक्स, दिवे उरलेल्यांच्या अंगावर चढत. ज्या नियमाने गाडी रस्त्यावरून घालवायची, त्याच नियमाने मागे राहिलेल्या गाड्यांना अन्न पुरवले. मात्र ही कोठी भरणारी नव्हती, रिकामी होणारी होती. शेवटी शेवटी भाग स्वस्त झाले ते मुबलक होते म्हणून नव्हे, तर विकत घेणारा टॅक्सीवालाच उरला नाही म्हणून. आणि मग विकणाऱ्यानेही ते वजनावर काढून टाकले.

या भागांची एक पेठ कुर्ल्याच्या सी. एस. टी. रोडवर. पुष्कळांना वाटते ही अक्षरे बोरीबंदरच्या स्थानकाची. तसे नाही. सेंट्रल साल्सेट ट्रामवे या नावाची एक आगगाडी १९२८ मध्ये तुर्भे ते अंधेरी अशी सुरू झाली आणि १९३४ मध्ये बंदही पडली. तिच्या मार्गावरचा हा रस्ता. बंद पडलेल्या रेल्वेच्या नावाच्या रस्त्यावर बंद पडलेल्या मोटारींचे अवयव विकले जावेत, हा योग इतिहासाने मुद्दाम जुळवला असे म्हणण्याचा मोह होतो.

ग्रामीण शाळांतील शिक्षकांसाठी एक सूचना करावीशी वाटते. कंपनीची जाहिरात, न्यायालयाचा आदेश, सरकारी नियम हे सारे कागदावर राहते. पॉइंटची फट डोळ्याने कशी ओळखावी, कुठल्या गाडीचा कुठला भाग थोडा घासून पद्मिनीला बसतो, हे कुणी लिहिले नाही. ते जाणणारी माणसे आता म्हातारी आहेत. त्यांतली बरीच गावी परतली आहेत, कोकणात, घाटावर, उत्तर प्रदेशातही. आपल्या गावी असा कुणी टॅक्सीवाला किंवा मिस्त्री असेल, तर मोठ्या वर्गातल्या मुलांना वही-पेन्सिल देऊन त्याच्याकडे पाठवावे. भागांची नावे तो ज्या बोलीत सांगेल त्याच बोलीत लिहून घ्यावीत. शुद्ध करू नयेत.

कुर्ल्याच्या कारखान्याच्या जमिनीवर आता निवासी इमारती उभ्या आहेत. विद्याविहार पश्चिमेला प्रीमियर रोड हे नाव तेवढे राहिले. टॅक्सी गेल्या, तरी खासगी मालकीच्या काही पद्मिनी अजून आहेत. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवून घेता येते. मुलुंडच्या किंवा बोरिवलीच्या एखाद्या इमारतीखाली ताडपत्रीखाली झाकलेली अशी गाडी दिसते. तिच्या मालकाशी बोललात तर तो इंजिनाची तक्रार फारशी करणार नाही. इंजिन उघडून बसवणारा मिस्त्री अजून शोधून सापडतो. दाराखालचा कुजलेला पत्रा हातोडीने ठोकून, मूळची गोलाई राखून नवा बसवणारा माणूस शोधायला त्याला अधिक हिंडावे लागते.