मजूर कोण? गोंदियातील लाल बावट्याची वाटचाल

गोंदिया म्हटले की बाहेरच्या माणसाला रेल्वेचे जंक्शन आठवते, भाताच्या गिरण्या आठवतात, फार तर नवेगावबांध आणि नागझिरा. इथल्या कामगार चळवळीची सुरुवात मात्र घरच्या ओसरीवर झाली. मांडीवर सूप, सुपात जर्दा, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पाने, हातात कातर आणि पत्र्याचा फर्मा. पान मापाने कापायचे, त्यात चिमूटभर तंबाखू पसरायचा, वळायचे, दोरा आवळायचा, तोंड दुमडायचे. पंचवीस बिड्यांचा एक कट्टा, असे चाळीस कट्टे झाले की हजार. मजुरी हजाराच्या हिशेबाने मिळते.

ओसरीवर बसलेल्या या बाईला ‘कामगार’ म्हणायचे की नाही, या एका प्रश्नावर गोंदियातल्या लाल बावट्याने, म्हणजे डाव्या कामगार चळवळीने, अनेक दशके झुंज दिली आहे. मजुरीचा दर, बोनस, पेन्शन या मागण्या ठळक दिसतात. पण त्या सगळ्यांच्या मुळाशी हाच प्रश्न होता आणि आजही आहे.

पान, रूळ आणि सट्टेदार

बिडीचा धंदा इथे रुजण्याची कारणे नकाशावर दिसतात. भोवतालच्या जंगलात तेंदू मुबलक. बंगाल-नागपूर रेल्वेने गोंदियाला जंक्शन केले, पुढे बालाघाट-नैनपूरकडे छोटी लाइन गेली. त्यामुळे गुजरातच्या चरोतरातला किंवा निपाणीकडचा तंबाखू इथे आणणे आणि तयार माल देशभर पाठवणे सोपे झाले. तिसरी गोष्ट म्हणजे हात. धानाची शेती रोवणीला आणि कापणीला माणसे मागते, उरलेल्या महिन्यांत भूमिहीन घरांना काम नसते. गुजरातेतून आलेल्या व्यापारी घराण्यांनी या तिन्ही गोष्टी एकत्र आणल्या. बिडीच्याच धंद्यातून पुढे आलेल्या मनोहरभाई पटेल यांनी १९५८ मध्ये गोंदिया एज्युकेशन सोसायटी उभी केली आणि या मागास भागात कॉलेजे निघाली. जिल्ह्याच्या घडणीत या धंद्याचा वाटा मोठा आहे आणि त्या वाट्यात ओसरीवरच्या बोटांची मेहनत आहे.

मालक आणि मजूर यांच्या मध्ये सट्टेदार उभा होता. तो कारखान्यातून पान आणि तंबाखू उचलायचा, गावोगाव वाटायचा, वळलेल्या बिड्या गोळा करून पोचवायचा. पान कमी किंवा फाटके निघाले तरी हजार बिड्या पुऱ्या द्याव्या लागत, तूट बाईने पदरच्या पैशाने पान घेऊन भरून काढायची. त्यानंतर छाट. बिडी वाकडी आहे, सैल आहे असे म्हणून सट्टेदार मूठभर बिड्या बाजूला काढायचा. त्यांची मजुरी मिळत नसे आणि त्या बिड्याही परत मिळत नसत. तक्रार घेऊन कारखान्यावर गेले तर मालक म्हणायचा, तुझा माझा संबंध नाही, सट्टेदाराला विचार.

नागपूरची शिकवण

गोंदियातला लाल बावटा ज्या संघटनेचा, ती अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस, म्हणजे आयटक, ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईच्या एम्पायर थिएटरमध्ये स्थापन झाली. अध्यक्ष होते लाला लजपतराय. मुंबईत जन्मलेल्या या संघटनेच्या आयुष्यातली दोन मोठी वळणे मात्र विदर्भात आली. १९२९ च्या नागपूर अधिवेशनात, जवाहरलाल नेहरू अध्यक्ष असताना, ब्रिटिश सरकारच्या कामगार आयोगावर बहिष्कार घालावा का, यावरून संघटना फुटली आणि ना. म. जोशी यांच्यासारखे नेमस्त नेते बाहेर पडले. १९३८ मध्ये दोन्ही गट पुन्हा जवळ आले तेही नागपुरातच.

याच काळात कामठीचे बाबू हरदास लक्ष्मणराव नगराळे बिडी मजुरांत काम करत होते. ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ करणारे म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. सट्टेदाराच्या कचाट्यातून सुटका व्हावी म्हणून त्यांनी सहकारी पद्धतीने बिडीचे काम सुरू केले, ही गोष्टही तितक्याच अगत्याने सांगायला हवी. १९३७ मध्ये ते डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मध्य प्रांताच्या विधानसभेत निवडून आले. १२ जानेवारी १९३९ रोजी, ऐन पस्तिशीत, क्षयाने त्यांचा मृत्यू झाला. निळा आणि लाल हे दोन झेंडे बिडी मजुरांच्या वस्त्यांत कायम शेजारी राहिले, कारण जातीचा प्रश्न आणि मजुरीचा प्रश्न तिथे एकाच घरात राहत होते.

१९३७ मध्येच मध्य प्रांताने कारखाने कायद्याबाहेर राहिलेल्या बिडी, लाख आणि चामड्याच्या उद्योगांसाठी एक कायदा केला. पण त्याची नजर कारखान्याच्या छपराखालपर्यंतच पोचत होती. काम घरोघरी वाटून देण्याची वाट मालकांना मोकळीच राहिली.

कोर्टाच्या पायऱ्या

स्वातंत्र्यानंतर पहिला धक्का वेगळ्याच बाजूने आला. शेतीला मजूर मिळावेत म्हणून मध्य प्रांत आणि वऱ्हाड सरकारने १९४८ मध्ये कायदा केला आणि हंगामात ठरावीक गावांत बिडी वळण्यावरच बंदी घालण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना दिला. सागर जिल्ह्यात १९५० मध्ये अशी बंदी आली. म्हातारे, अपंग, ज्यांना रोवणी झेपतच नाही, त्यांनी काय खायचे याचा विचार हुकमात नव्हता. एक कारखानदार आणि एक बिडी मजूर असे दोघेही सर्वोच्च न्यायालयात गेले. ८ नोव्हेंबर १९५० रोजी न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. राज्यघटना लागू होऊन वर्षही झाले नव्हते. व्यवसाय स्वातंत्र्याचा हा आरंभीचा निकाल आजही कायद्याच्या वर्गात शिकवतात, आणि तो घडला बिडीमुळे.

१९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या यादीत बिडीचे नाव होते. पण वेतन कोणाकडून मागायचे? नागपूरच्या एका बिडी कारखान्यातले मजूर कामगार आहेत, त्यांना पगारी रजेचा हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९६० मध्ये दिला. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रातल्या दुसऱ्या एका प्रकरणात, मजूर आपल्या मर्जीने येतो-जातो म्हणून तो कारखाने कायद्याखाली कामगार नाही, असा निकाल आला. कारखान्यात बसून काम करणाऱ्याची ही गत, तर ओसरीवरच्या बाईचे काय?

म्हणून बिडीसाठी वेगळा केंद्रीय कायदा हवा ही मागणी पुढे आली. केरळच्या ए. के. गोपालन यांनी ती संसदेत नेली, इकडे विदर्भात लाल बावट्याच्या सभांत तिचा घोष झाला. १९६६ चा बिडी आणि सिगार कामगार कायदा हे त्या दबावाचे फळ. त्याने घरी बसून बिडी वळणाऱ्यालाही कामगार मानले आणि सट्टेदारामागे उभ्या असलेल्या मुख्य मालकाला जबाबदार धरले. कामाचे तास, पगारी रजा, बाळंतपणाचे लाभ आले, छाटीवर नियमांनी मर्यादा घातली. मालकांनी त्यालाही आव्हान दिले, पण १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा कायम ठेवला.

त्यानंतरचे दशक हे या चळवळीच्या कमाईचे दशक. १९७६ मध्ये बिडी कामगार कल्याण निधी आला: बिडीवर उपकर, त्यातून दवाखाना, मुलांना शिष्यवृत्ती, घरासाठी मदत. १९७७ मध्ये भविष्य निर्वाह निधी बिडीला लागू झाला. घरी काम करणाऱ्यांना तो कसा लागू होईल, असा वाद मालकांनी घातला आणि १९८५ मध्ये त्याचाही निकाल मजुरांच्या बाजूने लागला. कायदा दिल्लीत झाला तरी ओळखपत्र काढणे, लॉगबुकात नोंद करून घेणे, फंडाचा फॉर्म भरणे ही कामे गावात करावी लागतात. निरक्षर बाईचे नाव कागदावर तीन ठिकाणी तीन तऱ्हेने लिहिलेले असते, ते जुळवून देणारा युनियनचा कार्यकर्ता लागतो. वृत्तपत्रांत फोटो येतो मोर्चाचा, पण संघटना टिकते या कारकुनीवर.

तेंदूच्या फळीवर

बिडीचे दुसरे टोक जंगलात आहे. मे महिन्याच्या उन्हात देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव भागातली कुटुंबे पहाटे जंगलात शिरतात. सत्तर पानांचा एक पुडा बांधून संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून द्यायचा, असे हजार पुडे म्हणजे एक गोणी. १९६९ च्या कायद्याने महाराष्ट्रात तेंदूचा व्यापार सरकारच्या ताब्यात गेला. लिलाव सरकार करणार, ठेकेदार पान नेणार, तोडणाऱ्याला ठरलेली मजुरी.

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर ग्रामसभांची मालकी मान्य केली आणि २०१३ च्या सुमारास गोंदिया-गडचिरोलीतल्या काही ग्रामसभांनी स्वतः निविदा काढून पान विकायला सुरुवात केली. मजुरी तर मिळालीच, वर विक्रीतला नफाही गावाच्या खात्यात आला. बाबू हरदासांनी सहकारातून जे करू पाहिले होते, ते वेगळ्या कायद्याच्या आधाराने जंगलात घडले. इथल्या डाव्या विचाराला मिळालेला हा सर्वांत मोठा धडा, असे मला वाटते: मजुरीसाठी भांडणे आवश्यक आहे, पण मालकीचा प्रश्न सोडवला तर मजूर दोन पावले पुढे जातो.

ओसरी बदलली, प्रश्न तोच

बिडी आता उताराला लागली आहे. धूम्रपान कमी व्हावे हे योग्यच, तंबाखूच्या भुकटीने बिडी वळणाऱ्या बायकांच्याही छातीचे हाल होतात. पण धंदा आटताना मजुराला दुसरे काम द्यायची जबाबदारी कोणी घेतली नाही. जिथे किमान वेतन कमी तिथे काम सरकवण्याची सवय मालकांना जुनीच होती आणि इथे राज्याची सीमा हाकेच्या अंतरावर आहे. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा बिडीवरचा उपकर गेला आणि कल्याण निधीचा स्वतःचा झरा बंद झाला. आयुष्यभर बिड्या वळलेल्या बाईला फंडाची पेन्शन मिळालीच तर तिचा किमान आकडा २०१४ पासून महिना १००० रुपयांवर अडकलेला आहे.

आज गोंदियात आयटकचा मोर्चा निघतो तेव्हा त्यात अंगणवाडी सेविका, आशाताई, शालेय पोषण आहार शिजवणाऱ्या बायका आणि ग्रामपंचायत कर्मचारी असतात. आशाताई रात्री बाळंतिणीला दवाखान्यात पोचवते, कुष्ठरोगाचे सर्वेक्षण करते, मोबाइलवर माहिती भरते. तिला वेतन मिळत नाही, मोबदला मिळतो, कारण सरकारच्या लेखी ती स्वयंसेविका आहे. एके काळी मालक सट्टेदारामागे लपत होता, आता सरकार योजनेमागे लपते. २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेने योजना कर्मचाऱ्यांना कामगार माना अशी शिफारस केली. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क दिला. २०२३-२४ च्या हिवाळ्यात महाराष्ट्रभर संप झाले, आशांच्या मोबदल्यात राज्याने वाढ केली. दर्जा मात्र अजून मिळालेला नाही.

आणि आता चार श्रमसंहिता आल्या आहेत. त्यांत १९६६ चा बिडी कायदा विलीन झाला. जो कायदा मिळवायला दोन पिढ्या लागल्या, त्यातले घरी बसून काम करणाऱ्या मजुराचे संरक्षण नव्या नियमांत शाबूत राहते का, हे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागेल. किमान पेन्शन वाढवणे, बिडी सोडणाऱ्या बायकांसाठी पर्यायी रोजगार, योजना कर्मचाऱ्यांना कामगाराचा दर्जा, तेंदूवर ग्रामसभांचा निर्विवाद हक्क, या चार मागण्या एकाच फलकावर लिहायला हव्यात. त्या वेगवेगळ्या लढल्या तर प्रत्येक गट एकटा पडतो.

गोंदियाचा लाल बावटा निवडणुकांत कधी फार मोठा झाला नाही. त्याची पुण्याई वेगळी आहे. ज्या श्रमाला समाज ‘बायकांचे फावल्या वेळेचे काम’ म्हणत होता, त्याला देशाच्या कायद्यात नाव मिळवून देणाऱ्या लढ्यात हा जिल्हा मजुरांच्या बाजूने उभा राहिला. ओसरीवरच्या बाईसाठी जो युक्तिवाद कोर्टात टिकला, तोच आशाताईसाठी उभा करायचा आहे: काम ठरवून देणारा, मोजून घेणारा आणि त्याचा लाभ उचलणारा जो कोणी असेल तो मालक, आणि ते काम करणारी बाई कामगार.