संध्याकाळची साक्ष

दिवाळी अंकात लघवीचा विषय! फराळाचे ताट जरा दूर सारून काही वाचक भुवया उंचावतील, हे मी जाणून आहे. पण ज्या पदार्थाच्या साक्षीवाचून कित्येक कामगारांच्या दुखण्याला कोणी दाद देत नाही, त्याच्या नावाने नाक मुरडून कसे चालेल?

पुण्याची मंडई 1886 साली सुरू झाली, ती मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने. जोतीराव फुले 1876 ते 1882 या काळात नगरपालिकेचे सदस्य होते. बाजाराच्या इमारतीत एवढा पैसा ओतण्यापेक्षा तो शिक्षणावर खर्चावा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे त्याच वास्तूला त्यांचेच नाव मिळाले. इतिहासालाही विनोदाचे अंग आहे! जोतीरावांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी झगडून 1890 च्या जूनमध्ये रविवारची सुटी पदरात पाडून घेतली. कामाचे तास घड्याळावर मोजता येतात. श्वासावाटे अंगात गेलेले विष कशावर मोजायचे?

मध्यंतरी याच मंडईत पेरू निवडताना माझा एक जुना विद्यार्थी भेटला. एका कारखान्यात तो फवाऱ्याने रंग देतो.

"सर, डोकं भणभणतं. कपड्यांचा थिनरचा वास घरी गेलो तरी जात नाही. आणि लघवी तपासली तर म्हणे सगळं ठीक!"

"नमुना कधी घेतला?"

"सोमवारी सकाळी, कामाला हात लावायच्या आधी."

त्या 'आधी' शब्दातच सारी मेख आहे. रंगाच्या थिनरमध्ये पुष्कळदा टोल्युइन नावाचे द्रव्य असते. ते फुप्फुसातून रक्तात जाते. यकृत त्याचे बेंझोइक आम्ल करते, त्याला ग्लायसिनची जोड देते आणि तयार झालेले हिप्युरिक आम्ल मूत्रपिंडे बाहेर टाकतात. शरीराची ही किमया जुनीच ठाऊक आहे. 1829 साली लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने घोड्याच्या मूत्रातील या आम्लाची ओळख पटवली. ग्रीक भाषेत घोडा म्हणजे 'हिप्पोस', म्हणून हे नाव. 1842 साली केलर याने स्वतःच बेंझोइक आम्ल घेतले आणि आपल्या मूत्रात हिप्युरिक आम्ल शोधून काढले. कारखान्यातल्या तपासणीची मुळे या अशा हौशी धाडसात आहेत.

पण या साक्षीदाराची स्मरणशक्ती फार तोकडी. साधारण दिवसभरात तो बहुतेक सारे विसरतो. शनिवारी संध्याकाळी काम सुटताना विचारले तर घडाघडा बोलेल. रविवारची सुटी उलटल्यावर सोमवारी सकाळी विचारले तर मुखस्तंभ! 'योगरत्नाकर' या ग्रंथात तैलबिंदू-परीक्षेसाठी रात्रीच्या शेवटच्या प्रहरातील मूत्र घ्यावे असे सांगितले आहे. वैद्याला रोग्याची प्रकृती पाहायची होती, तेव्हा पहाट योग्यच. कारखान्यात मात्र त्या दिवसाच्या हवेचा जाब घ्यायचा असतो.

दुसरी अडचण ताटातली आहे. चहाने, काही फळांनी, सरबते-लोणची टिकावीत म्हणून घातलेल्या सोडियम बेंझोएटनेही हेच आम्ल वाढते. म्हणजे आकडा फुगला की मालकाने मंडईकडे बोट दाखवायला मोकळे! म्हणून टोल्युइनसाठी आता ऑर्थो-क्रेसॉल किंवा मूत्रात उतरलेले खुद्द टोल्युइन मोजण्याकडे कल आहे. माणसाने तांब्याभर पाणी प्यालेले असले तर नमुना पातळ होतो. त्यासाठी क्रिएटिनिनशी प्रमाण लावून हिशेब करतात. एवढी तजवीज करूनही वेळ चुकली की सारे मुसळ केरात.

1984 साली भोपाळला विषारी वायूने माणसे मेली, तेव्हा कुठे राज्यकर्त्यांना जाग आली. 1987 साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. धोक्याच्या प्रक्रियांत राबणाऱ्यांच्या आरोग्याच्या नोंदी ठेवाव्यात आणि त्या कामगाराला पाहता याव्यात, असे तिच्यात लिहिले गेले. मी माझ्या विद्यार्थ्याला एवढेच सांगितले की, बाबा, नोंदवही मागून घे, आणि आकड्याआधी नमुना घेतल्याचा वार आणि वेळ बघ. तो रकाना कोरा असला, तर पुढचा नमुना संध्याकाळी, काम सुटतानाच घ्या, असे चौघांनी मिळून लेखी माग.