संकेतस्थळांची उपयोगसुलभता आणि देवनागरी लिपी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये सर्न या संशोधन संस्थेत वर्ल्ड वाइड वेबचा मूळ प्रस्ताव मांडला. भारतात विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सेवा सर्वसामान्यांसाठी खुली केली. संकेतस्थळांची संख्या वाढली, तसा ती वापरण्यास सुलभ कशी असावीत हा प्रश्न महत्त्वाचा ठरला. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा मराठी वाचकाच्या दृष्टीने विचार केला आहे.

उपयोगसुलभतेची तत्त्वे :
जेकब नील्सन यांनी १९९४ मध्ये दहा तत्त्वे मांडली. व्यवस्थेने वापरकर्त्याच्या परिचयाची भाषा वापरावी, हे त्यांपैकी एक होय. आयएसओ ९२४१-११ या मानकाने १९९८ मध्ये परिणामकारकता, कार्यक्षमता आणि समाधान हे तीन निकष निश्चित केले. १९९९ मध्ये अपंग व्यक्तींचा विचार करून सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वेही प्रसिद्ध झाली.

लिपीचा अडसर :
प्रारंभीच्या अनेक मराठी संकेतस्थळांवर इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवर देवनागरी आकार बसविलेले फॉन्ट वापरले जात. तो विशिष्ट फॉन्ट संगणकावर नसल्यास पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटत. फॉन्ट असला तरी डोळ्यांना मराठी दिसणारा मजकूर संगणकाच्या लेखी मराठी नसे. परिणामी शोधयंत्रात मराठी शब्द टाकून तो सापडत नसे आणि अंध वाचकाला तो वाचून दाखविणेही यंत्रास शक्य होत नसे. मांडणी कितीही आकर्षक असली तरी नील्सन यांचे वरील तत्त्व येथे पायाशीच भंग पावत होते.

युनिकोडचा स्वीकार :
भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्ये इस्की हे मानक स्वीकारले. त्याच वर्षीच्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश होता. विंडोज २००० या प्रणालीत युनिकोड देवनागरीची सोय झाली, तर १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. २००९ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तयार केलेली शासकीय संकेतस्थळांची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. थोडक्यात, मानक उपलब्ध झाले तरी ते प्रत्यक्ष व्यवहारात रुजण्यास दीर्घ काळ लागला.

निष्कर्ष :
अक्षर दिसणे आणि मजकूर उपयोगी पडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या इतिहासावरून स्पष्ट होते. हा प्रश्न महाविद्यालयांनाही लागू आहे. जुन्या फॉन्टमध्ये टंकलिखित केलेला शोधनिबंध किंवा छायाचित्राच्या रूपात चढविलेली प्रवेशसूचना संकेतस्थळावर असूनही शोधणाऱ्याच्या हाती लागत नाही. मराठीतील संशोधन पुढील अभ्यासकांपर्यंत पोहोचावे असे वाटत असेल, तर लेखन युनिकोडमध्ये करणे आणि जुन्या अंकांचे रूपांतर करून घेणे ही संपादक व प्राध्यापक यांची संयुक्त जबाबदारी ठरते.